मिशनऱ्याचे प्रशिक्षण आणि मराठी पंडित : मिशनरी चरित्रे व मराठी आत्मकथने यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंड, इंग्लंड व अमेरिका येथून महाराष्ट्रात आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी येथे इंग्रजी शाळा काढल्या, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासात व शिक्षणाच्या इतिहासात वारंवार नोंदविली गेली आहे. या शाळांमुळे आधुनिक विचार आला, धर्मांतराचे प्रश्न निर्माण झाले, वृत्तपत्रे व गद्यवाङ्मय यांना चालना मिळाली, अशा स्वरूपाची विधाने पाठ्यपुस्तकांतूनही आढळतात. परंतु इंग्रजी शिकविणारा हा परदेशी तरुण स्वतः कसा घडला, येथे येण्यापूर्वी त्याला काय शिकविले गेले आणि येथे आल्यावर त्याला कोणी शिकविले, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. वस्तुतः शिक्षकाच्या प्रशिक्षणाचे स्वरूप समजल्याशिवाय त्याच्या अध्यापनाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन प्रकारच्या ग्रंथांच्या आधारे करण्यात आला आहे. एका बाजूला मिशनऱ्यांची इंग्रजी चरित्रे व त्यांचे इतर लेखन आहे, तर दुसऱ्या बाजूला बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' ही मराठी आत्मकथने आहेत. पहिल्या प्रकारात शिक्षक मेजामागून दिसतो. दुसऱ्या प्रकारात तो विद्यार्थ्याच्या बाकावरून आणि घराच्या उंबरठ्यावरून दिसतो. या दोन दृष्टींमधील अंतर हा या लेखाचा विषय आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयांमध्ये इंग्रजी हा विषय शिकविताना येणाऱ्या अडचणींशी या जुन्या प्रश्नाचे नाते आहे. त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

१. चरित्र : प्रशिक्षणाचे पाठ्यपुस्तक

मिशनरी तरुणाचे प्रशिक्षण प्रथम ग्रंथांतून होत असे, आणि त्या ग्रंथांत पूर्वीच्या मिशनऱ्यांच्या चरित्रांना महत्त्वाचे स्थान होते. जॉन विल्सन (१८०४-१८७५) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. स्कॉटलंडमधील लॉडर या गावी जन्मलेल्या विल्सन यांनी एडिंबरो विद्यापीठात शिक्षण घेतले. विद्यार्थिदशेत त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या, १८२५ मध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांची मिशनकार्यास साहाय्य करणारी मंडळी स्थापन करण्यात पुढाकार घेतला आणि १८२८ मध्ये जॉन एलियट यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. एलियट हे सतराव्या शतकात अमेरिकेतील आदिवासींमध्ये काम करून त्यांच्या भाषेत बायबलचे भाषांतर करणारे धर्मोपदेशक होत. म्हणजे मुंबईस येण्यापूर्वीच विल्सन यांनी एका परभाषेच्या अभ्यासकाचे चरित्र लिहिले होते, आणि पन्नास वर्षांनी, १८७८ मध्ये, जॉर्ज स्मिथ यांनी 'द लाइफ ऑफ जॉन विल्सन' या ग्रंथात स्वतः विल्सन यांनाच चरित्रविषय केले. वाचक चरित्रकार झाला आणि चरित्रकार चरित्रनायक झाला. मिशनरी वाङ्मयाची परंपरा अशी स्वतःच स्वतःचे पोषण करीत होती.

या चरित्रप्रकाराचा उद्देश केवळ स्मरण हा नव्हता. मायदेशातील वाचकांनी वर्गणी द्यावी आणि नव्या तरुणांनी पुढे यावे, ही अपेक्षा त्यामागे होती. साहजिकच अशा चरित्राची रचना ठराविक वळणाने जाते. धर्मशील घर, विद्यापीठातील अंतःप्रेरणा, समुद्रप्रवास, उष्ण हवामान, परक्या भाषेवर अल्पावधीत मिळविलेले प्रभुत्व, शाळेची स्थापना, प्रियजनांचे मृत्यू आणि अखेरचे समर्पण असे टप्पे एकामागून एक येतात. विल्सन यांनी आपल्या पत्नी मार्गारेट यांचे जे चरित्र १८३८ मध्ये प्रसिद्ध केले तेही याच उद्देशाशी जोडलेले आहे. मार्गारेट विल्सन यांनी १८२९-३० च्या सुमारास मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. त्यासाठी त्यांनी मराठीचा अभ्यास केला आणि १८३५ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले.

या रचनेत भाषा शिकणे हा नायकाच्या परिश्रमाचा व ईश्वरी साहाय्याचा पुरावा ठरतो. परिश्रम खरे होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु भाषा एकट्याने शिकता येत नाही. ती शिकण्यासाठी समोर दुसरा माणूस लागतो. चुका दुरुस्त करणारा, उच्चार घोटून घेणारा, एखादा शब्द चारचौघांत का बोलू नये हे सांगणारा हा दुसरा माणूस चरित्राच्या रचनेत परिघावर जातो. त्याचा उल्लेख आला तरी तो व्याकरण किंवा कोश यांसारख्या साधनांच्या पंक्तीत येतो. तरुण मिशनऱ्याचा खरा प्रशिक्षक असलेला मराठी पंडित अशा प्रकारे त्याच्याच प्रशिक्षणाच्या कथेतून जवळजवळ नाहीसा होतो. हा चरित्रकाराच्या दुष्ट हेतूचा भाग मानण्याचे कारण नाही. तो त्या वाङ्मयप्रकाराचाच दोष आहे, कारण ज्या कथेत नायकाने द्यायचे आणि इतरांनी घ्यायचे असते, त्या कथेत नायक घेत असतानाचा प्रसंग अवघडल्यासारखा होतो.

२. पंडिताची शाळा

असे नेहमीच घडले असे मात्र नाही. विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे छापले गेले. मराठी भाषेच्या आधुनिक व्याकरणलेखनाचा विचार करताना या पुस्तकाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. नेहमीच्या विषयांवरील संवादही त्याला जोडलेले आहेत, ही बाब लक्षणीय आहे. नव्याने आलेल्या परदेशी माणसाला केवळ विभक्तिप्रत्यय देऊन भागत नाही, त्याला बोलणे द्यावे लागते, याची जाण या संवादांमागे आहे. कॅरी महाराष्ट्रात राहिले नव्हते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातील प्रमुख मराठी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने हे काम झाले आणि कॅरी यांनी प्रस्तावनेत त्यांचे ऋण नमूद केले आहे. नागपूरचे हे वैजनाथ पंडित पुढे 'सिंहासनबत्तिशी' (१८१४), 'हितोपदेश' (१८१५) व 'राजा प्रतापादित्याचे चरित्र' (१८१६) या आरंभकालीन मुद्रित मराठी गद्यग्रंथांचे कर्ते म्हणून वाङ्मयेतिहासात ओळखले गेले. व्याकरणाच्या प्रस्तावनेत पंडिताला नाव आहे. पुढील काळातील चरित्रांच्या प्रवाहात ते हरवत गेले. याचे कारण शोधताना ग्रंथाच्या प्रकाराकडे लक्ष द्यावे लागते. व्याकरण हा ज्ञानाचा ग्रंथ असल्याने त्याला आपले प्रमाण सांगावे लागते, तर चरित्र हा प्रेरणेचा ग्रंथ असल्याने त्याला केवळ नायक पुरतो.

विल्सन दांपत्य फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईस पोहोचले. इंग्रजी शाळा उघडण्याची घाई न करता ते प्रथम कोकणात बाणकोट येथे गेले. स्कॉटिश मिशनचे काम तेथे १८२३ पासून सुरू झाले होते. मराठी शिकणे हा या मुक्कामाचा हेतू होता. काही महिन्यांतच विल्सन मराठीत प्रवचन करू लागले, आणि मुंबईतील त्यांची इंग्रजी शाळा त्यानंतर, १८३२ मध्ये सुरू झाली. याच शाळेचे पुढे विल्सन कॉलेज झाले. हा क्रम महत्त्वाचा आहे. इंग्रजी शिकविणारा मनुष्य शिक्षक होण्यापूर्वी मराठीचा विद्यार्थी होता. ज्या वयात मायदेशात त्याला पदवीधर व धर्मोपदेशक म्हणून मान होता, त्या वयात तो येथे अक्षरे गिरवीत होता, चुकत होता आणि चुकल्यावर त्याला सुधारणारा माणूस धर्माने, वर्णाने व आचाराने सर्वस्वी निराळा होता. अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकातून न मिळणारे शिक्षण यातून मिळत असले पाहिजे. न समजणाऱ्या भाषेसमोर बसलेल्या विद्यार्थ्याची अवस्था त्याने स्वतः भोगलेली होती.

विल्सन यांचे मराठीशी नाते पुढेही टिकून राहिले. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ मधील दुसऱ्या आवृत्तीस मराठी भाषेचे घटक, प्रसार व उपयोजन यांवरील त्यांचे टिपण जोडलेले आहे. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचे समकालीन रॉबर्ट नेस्बिट यांची ख्याती तर प्रामुख्याने उत्तम मराठी बोलणारा मिशनरी अशीच होती.

विदर्भाच्या दृष्टीने स्टीफन हिस्लॉप (१८१७-१८६३) यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ च्या आरंभी नागपुरात आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी मराठीचा अभ्यास केला, शाळा काढली आणि त्याबरोबरच भूगर्भशास्त्रात मोलाचे संशोधन केले. त्यांच्या स्मरणार्थ नाव दिलेले हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून नागपुरात आहे. हिस्लॉप यांच्या निधनानंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखसंग्रहात गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाचे दीर्घ गीत आहे. ते परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेले आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मिशनऱ्याचे व संपादकाचे नाव आले. ज्याच्या कंठात ते गीत होते त्याला तेथे जागा मिळाली नाही. हिस्लॉप यांचेही चरित्र जॉर्ज स्मिथ यांनीच १८८८ मध्ये लिहिले, हा केवळ योगायोग मानता येणार नाही.

३. इंग्रजी कोणासाठी : दोन धोरणे

मिशनऱ्याने किती काळ देशी भाषा शिकावी, हा प्रश्न धोरणाशी निगडित होता. अलेक्झांडर डफ यांनी १८३० मध्ये कलकत्त्यात इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू केली. उच्चवर्णीय तरुणांना इंग्रजीतून पाश्चात्त्य विद्या व ख्रिस्ती धर्म द्यावा, म्हणजे तो प्रवाह वरून खाली झिरपेल, अशी त्यांची धारणा होती. १८३५ मधील मेकॉले यांच्या टिपणाने इंग्रजीच्या बाजूस सरकारी बळ मिळाले. या धोरणात शिक्षकाला विद्यार्थ्याच्या भाषेची गरज कमी भासते, कारण विद्यार्थ्यानेच शिक्षकाच्या भाषेत यावे अशी योजना असते. मुंबई इलाख्यात मात्र मराठीचे स्थान तुलनेने भक्कम राहिले. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात अर्स्किन पेरी इंग्रजीचा पक्ष घेत असताना जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांचा आग्रह धरला होता. विल्सन यांच्या कामातही इंग्रजी व देशी भाषा बरोबरीने चालत.

अमेरिकन बोर्डाने दुसरे टोक गाठले. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थान व श्रीलंका येथील कामाच्या पाहणीसाठी आले आणि त्यांनी इंग्रजी शिक्षणाऐवजी देशी भाषेतील उपदेशावर भर देण्याचे धोरण पुढे रेटले. जाफना येथील बट्टिकोटा विद्यालय १८५५ मध्ये बंद झाले ते याच धोरणामुळे. वरवर पाहता हे धोरण देशी भाषेच्या सन्मानाचे वाटते. परंतु ज्या समाजाला इंग्रजीतून नवे जग हवे होते, त्याच्या दृष्टीने हे दार बंद होणे होते.

याचा प्रत्यय महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रातून येतो. फुले यांचे इंग्रजी शिक्षण १८४१ ते १८४७ या काळात पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या घडणीचा संबंध चरित्रकारांनी अहमदनगर येथील सिंथिया फॅरार यांच्या शाळेशी जोडला आहे. फॅरार या अमेरिकेतून १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या अविवाहित शिक्षिका होत्या. सावित्रीबाईंच्या 'काव्यफुले' (१८५४) या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. इंग्रजीला माउली म्हणण्यामागे गुलामीची ओढ नसून पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेल्या विद्येची भूक आहे. म्हणून मिशनऱ्याने मराठी शिकावे की इंग्रजी शिकवावे, असा प्रश्न परस्परविरोधी पर्यायांच्या रूपात मांडणे बरोबर ठरत नाही. फुले दांपत्याला इंग्रजी हवी होती आणि त्या इंग्रजीचा उपयोग त्यांनी मराठीतून बोलण्यासाठी केला.

४. बाकावरून दिसणारा शिक्षक

बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांचे शिक्षण बेळगावच्या मिशनशाळेत, नंतर मुंबईस एल्फिन्स्टन व फ्री चर्चच्या संस्थेत झाले. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८५७ मधील 'यमुनापर्यटन' या कादंबरीमुळे ते वाङ्मयेतिहासात विशेष परिचित आहेत. त्यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक आहे. या ग्रंथाचा उद्देशही धर्मप्रसाराचा आहे, त्यामुळे त्याला निःपक्षपाती साक्षीपुरावा मानता येत नाही. तरीही मिशनरी चरित्रांपेक्षा त्यात एक मूलभूत फरक आहे. येथे शिक्षक हा कथेचा नायक नाही. घरातील पूजाअर्चा, व्रते, पुराणश्रवण, मुंबईतील परमहंस सभेचा सहवास आणि मनातील शंका यांच्या गर्दीत मिशनशाळा हा एक घटक म्हणून येतो. मिशनरी चरित्र वाचताना विद्यार्थी हा कोऱ्या पाटीसारखा वाटतो. 'अरुणोदय' वाचल्यावर लक्षात येते की, ती पाटी आधीच भरलेली होती आणि शिक्षकाच्या अक्षरांना तिच्यावर जागा शोधावी लागत होती.

पदमनजींच्या कार्यातील आणखी एक बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी १८६० मध्ये 'शब्दरत्नावली' हा कोश रचला आणि १८६३ मध्ये मोल्सवर्थ यांच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. ती पुढे अनेकदा पुनर्मुद्रित झाली आणि मराठी शिकणाऱ्या परदेशी वाचकांच्याही उपयोगी पडली. मिशनशाळेत इंग्रजी शिकलेला विद्यार्थी असा कोशकार झाला. पंडिताच्या जागी तो आला; मात्र या वेळी मुखपृष्ठावर त्याचे नाव होते. देण्याघेण्याचा व्यवहार एकतर्फी नव्हता, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण देता येणार नाही.

लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' या १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दृष्टिकोन आणखी बदलतो. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या निर्णयाने १९०० मध्ये त्यांच्या मागोमाग तो मार्ग धरला. मधल्या काळातील ताटातूट, सोवळेओवळे, स्वयंपाकाचे प्रश्न, पैशाची ओढाताण यांच्या वर्णनात मिशनरी मंडळी येतात ती शेजारी, वरिष्ठ, मदत करणारी किंवा अडचण निर्माण करणारी माणसे म्हणून. लक्ष्मीबाईंच्या विनोदबुद्धीपुढे कोणीही, खुद्द टिळकही, मोठेपणाच्या आसनावर फार काळ बसू शकत नाही. मिशनरी चरित्राने नायक केलेली व्यक्ती येथे चुका करणारे साधे माणूस होते आणि म्हणूनच अधिक विश्वसनीय वाटते. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' या स्वतंत्र कल्पनेकडे वळावे, यामागेही देशी ख्रिस्ती माणसाने किती काळ केवळ घेणाऱ्याच्या भूमिकेत राहायचे, हा प्रश्न होता.

५. भाषा शिकणे आणि उत्तर ऐकणे

येथे एक आक्षेप संभवतो. मिशनऱ्यांनी मराठी शिकली ती मराठी माणसाविषयीच्या आदरापोटी नव्हे, त्याचा धर्म खोडून काढण्यासाठी शिकली, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. मोरभट दांडेकर यांच्याशी १८३१ मध्ये झालेल्या वादानंतर विल्सन यांनी १८३२ मध्ये हिंदू धर्माचे खंडन करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. भाषेचे ज्ञान व भाषिकांविषयीचा आदर या एकच गोष्टी नव्हेत. विद्यार्थी म्हणून पंडितासमोर बसलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी त्याच पंडिताच्या श्रद्धेवर शस्त्र धरू शकतो.

परंतु याच घटनेची दुसरी बाजू पाहणे आवश्यक आहे. मिशनरी मराठीत बोलू लागला म्हणूनच मोरभटांना त्याला उत्तर देता आले. त्यांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहिले, आणि विल्सन यांना आपल्या खंडनग्रंथात त्या पुस्तकाचे भाषांतर आरंभी जोडावे लागले. म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्यांच्याच ग्रंथातून इंग्रजी वाचकांपर्यंत गेले. पुढे साताऱ्याचे नारायणराव वादात उतरले आणि विल्सन यांनी १८३४ मध्ये दुसरा ग्रंथ लिहिला. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद केले, त्यांचा वृत्तांत जॉर्ज बोवेन यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केला. या वादांत कोण जिंकले हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, वाद झाले. जो शिक्षक केवळ स्वतःच्या भाषेत बोलतो त्याला फारतर होकार मिळतो किंवा मौन मिळते. जो ऐकणाऱ्याच्या भाषेत बोलतो त्याला उत्तर मिळू शकते. ऐकणाऱ्याची भाषा शिकण्याचे खरे मूल्य आदराच्या भावनेपेक्षा या शक्यतेत आहे.

आधुनिक समीक्षेने या मुद्द्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. गौरी विश्वनाथन यांच्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' (१९८९) या ग्रंथाने इंग्रजी साहित्याचे अध्यापन व वसाहतवादी सत्ता यांचा संबंध समर्थपणे उलगडून दाखविला. मात्र राज्यकर्त्यांच्या व मिशनऱ्यांच्या योजनांचा अभ्यास करताना एतद्देशीयांचा प्रतिसाद त्यांनी हेतुतः बाजूला ठेवला आहे. रॉबर्ट फिलिप्सन यांच्या 'लिंग्विस्टिक इंपीरिअॅलिझम' (१९९२) या ग्रंथाने इंग्रजीच्या जागतिक प्रसारामागील संस्था व हितसंबंध उघड केले. अलास्टेर पेनिकुक व सोफी कुतां-मारॅं यांनी २००३ मध्ये इंग्रजीचे अध्यापन हे धर्मप्रसाराचे साधन म्हणून आजही कसे वापरले जाते याची कठोर चिकित्सा केली. ही सर्व चिकित्सा आवश्यक आहे. तथापि तिच्यात शिकविणारा सदैव सक्रिय आणि शिकणारा सदैव निष्क्रिय राहतो, ही तिची मर्यादा आहे. गंमत अशी की, मिशनरी चरित्रांचीही हीच मर्यादा होती. चरित्रकाराने मिशनऱ्याचा गौरव केला, समीक्षकाने त्याला आरोपी केले, पण दोघांच्याही दृष्टीतून वैजनाथ, मोरभट व पदमनजी निसटले. मराठी ग्रंथांचे वाचन या वादात आणले की ही पोकळी भरून निघू शकते, आणि हे काम मराठीच्या व इंग्रजीच्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे.

६. बुलढाणा जिल्ह्याचा संदर्भ

वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर येथे सरकारी शाळा आल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने अकोला, खामगाव या भागात आपली केंद्रे उघडली. मुंबई-पुण्यासारखा वादविवादांचा मोठा इतिहास या जिल्ह्याला नाही. येथील प्रश्न अधिक साधा आणि अधिक कठीण आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. तरीही पदवीच्या पहिल्या वर्षात आलेला ग्रामीण विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला गप्प बसतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

त्या मौनाचे कारण शोधताना विद्यार्थ्याची घरची भाषा विचारात घेतली जात नाही. जिल्ह्याच्या बहुतेक भागात वऱ्हाडी बोलली जाते, तांड्यांवर बंजारा बोली आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू आहे. जळगाव जामोद तालुक्यात तर निहाली ही भाषा आहे. तिचे नाते आर्य, द्राविड वा मुंडा यांपैकी कोणत्याही कुलाशी निर्विवादपणे जोडता आलेले नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाने तिची दखल घेतली आणि कॉयपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. जगातील भाषाशास्त्रज्ञांना कुतूहल असलेली ही भाषा बोलणाऱ्या घरातील मूल शाळेत येते तेव्हा प्रमाण मराठी ही त्याची पहिली परभाषा असते, आणि इंग्रजी त्यानंतरची. या मुलाला इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकाच्या प्रशिक्षणात त्याच्या भाषेला कोठेच स्थान नसते.

परदेशात इंग्रजी शिकविण्यासाठी आज जगभर अल्पकालीन प्रमाणपत्रे दिली जातात. केंब्रिजच्या सेल्टा या प्रसिद्ध अभ्यासक्रमाचा किमान कालावधी १२० तासांचा आहे. पाठनियोजन, वर्गव्यवस्थापन व संभाषणकौशल्ये यांचे उपयुक्त शिक्षण त्यातून मिळते. परंतु जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात चालेल असा शिक्षक घडविण्याच्या कल्पनेत विशिष्ट गावची भाषा शिकण्याची अट बसत नाही. आपल्याकडील प्रशिक्षणवर्गांचे स्वरूपही याहून फार निराळे नाही. पद्धती आयात होते, वर्ग मात्र जामोदचा, मेहकरचा किंवा सिंदखेडराजाचा असतो. शिवाय येथील प्राध्यापक परदेशातून आलेला नसतो. तो बहुधा याच मातीतला असतो. म्हणूनच त्याला विद्यार्थ्याची भाषा शिकावी लागत नाही, असे गृहीत धरले जाते. प्रमाण मराठी व इंग्रजी या दोन पायऱ्या चढून आलेला शिक्षक स्वतःची वऱ्हाडी वर्गाबाहेर ठेवतो आणि विद्यार्थ्यानेही ती तशीच बाहेर ठेवावी अशी अपेक्षा करतो. बाणकोटला गेलेल्या परक्या तरुणाला जी भाषा कष्टाने मिळवावी लागली, ती येथील शिक्षकाजवळ जन्मतः असूनही अध्यापनात उपयोगी पडत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मिशनरी चरित्र हे केवळ व्यक्तीचे वृत्त नसून पुढील पिढीच्या प्रशिक्षणाचे साधन होते. त्यामुळे त्यात शिकविणाऱ्याचे कर्तृत्व ठळक झाले आणि त्याला शिकविणारा मराठी पंडित परिघावर गेला.

२. मिशनऱ्याच्या प्रशिक्षणातील सर्वांत परिणामकारक भाग मायदेशातील विद्यापीठात नव्हे, तर येथे मराठीचा विद्यार्थी म्हणून घालविलेल्या काळात घडला.

३. 'अरुणोदय' व 'स्मृतिचित्रे' यांसारखी मराठी आत्मकथने मिशनरी चरित्रांच्या व आधुनिक वसाहतवादविरोधी समीक्षेच्याही एकांगीपणाला छेद देतात, कारण त्यांत शिकणारा स्वतः बोलतो.

४. विद्यार्थ्याची भाषा शिकण्याने शिक्षकाचा हेतू शुद्ध होतोच असे नाही. मात्र त्यामुळे विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची व विरोध करण्याची संधी मिळते, आणि ही संधी हाच अध्यापनाचा किमान निकष मानला पाहिजे.

५. ग्रामीण महाविद्यालयांतील इंग्रजीच्या अध्यापकांच्या प्रशिक्षणात त्या त्या परिसरातील बोलींच्या परिचयाचा समावेश होणे आवश्यक आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वऱ्हाडी, बंजारा, कोरकू किंवा निहाली जाणणाऱ्या व्यक्तीला काही दिवस शिक्षकाच्या आसनावर बसवून प्राध्यापकांनी विद्यार्थी होणे एवढे त्यासाठी पुरेसे आहे. आणि अशा उपक्रमाच्या अहवालात त्या व्यक्तीचे नाव प्रथम यावे.